माराठी मास्टरचा हूक

श्यामकांत चिखलीकरांकडे सांगण्यासारखी गोष्ट एकच होती, आणि ती त्यांनी भेटेल त्याला सांगितली होती. कोलकात्यात गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत, हिशेब खात्यात, त्यांची सगळी नोकरी गेली. नागपूरहून, भुसावळहून कोणी मराठी माणूस बदलून आला की श्यामकांत त्याला बेहालाच्या घरी जेवायला बोलवत. मठ्ठा वाढून झाला की उठत, आतल्या खोलीत जात आणि रुमालात गुंडाळलेला एक पितळी हूक घेऊन येत. बोटभर लांब, टोकाशी वळवलेला, मागे लाकडी मूठ आणि मुठीवर लाल लाखेचा एक ठिपका.

"निघाला हूक," त्यांच्या पत्नी सुनंदाबाई स्वयंपाकघरातून म्हणत. "अहो, त्यांना भात तरी संपवू द्या."

पाहुणा हसे, श्यामकांतही ओशाळून हसत. पण गोष्ट सोडत नसत. एरवी हा माणूस चारचौघांत तोंड उघडत नसे. कचेरीत कोणी त्यांच्या कामाचं श्रेय आपल्या नावावर घेतलं तरी गप्प, घरमालकाने पाणी तोडलं तरी गप्प. बोलायचे ते फक्त हुकाबद्दल.

गोष्ट अशी होती. कापडाच्या गिरणीत आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालावी लागते. तिचं सूत धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. ते बोटाने निघत नाही. विणकर काय करत, तर धोटा तोंडाला लावून श्वास आत ओढत. सूत फट्‍कन बाहेर येई, आणि त्याच्याबरोबर कापसाची धूळ तोंडात, घशात, छातीत जाई. माणसं खोकून खोकून जात. दात किडून पडत. श्यामकांतांचे वडील गुरुदत्तराव हे गिरणीतले विणाई मास्तर. त्यांना ते बघवलं नाही. त्यांनी पदरमोड करून लोहाराकडून हे हूक घडवून घेतले आणि विणकरांना वाटले. सूत आता हुकाने निघू लागलं. "बाबांनी किती छात्या वाचवल्या असतील, देव जाणे," असं म्हणून श्यामकांत हूक पुन्हा रुमालात गुंडाळत. त्या रविवारपर्यंत या गोष्टीवर त्यांचा देवावर असावा तसा विश्वास होता.

ती गिरणी कलपुकुरची. हुगळीच्या काठाने बजबजच्या पुढे गेलं की हे गाव लागतं. कल म्हणजे गिरणी आणि पुकुर म्हणजे तळं. नाव असं साधं, कारण गिरणीआधी तिथे गाव नव्हतंच. भातखाचरं होती आणि दलदल होती. गिरणीवाल्यांनी विटांसाठी माती खणली. खड्ड्यात पाणी साठून तळं झालं आणि विटांची गिरणी झाली. मग एकेक ओळ घरं उठली. कातणाऱ्यांची वेगळी, विणणाऱ्यांची वेगळी, बाबू लोकांची थोडी उंचावर, काही तळ्यापलीकडे. बिहारी आले, ओडिया आले, आसपासचे बंगाली आले. पगाराच्या दिवशी भरणारा बाजार हळूहळू रोज भरू लागला. फुटबॉलचा क्लब निघाला. गिरणीच्या पटांगणात दुर्गापूजा होऊ लागली आणि देवीमागचा पडदा दर वर्षी गिरणीतल्याच नव्या ताग्याचा असे. त्या गावात साठच्या सुमारास गुरुदत्तराव सोलापूरकडून आले. बरोबर बायको, मोठी मुलगी विनीता आणि लहानगा श्यामकांत. गावातलं मराठी घर हे एकच. लोक त्यांना 'माराठी मास्टर' म्हणत. त्यांच्या बंगालीला गाव हसे, पण मोडक्या साच्याला, म्हणजे मागाला, त्यांनी हात लावला की तो चालू होतो, हेही गाव मानत असे. मालकांच्या मागे लागून त्यांनी गावात शाळा बांधून घेतली. श्यामकांत त्याच शाळेत शिकले.

गुरुदत्तराव गेले, श्यामकांत रेल्वेत लागले. गिरणीही पुढे बंद पडली. यंत्रं भंगारात गेली, ओळींमधली घरं ज्याच्या ताब्यात होती त्याची झाली, आणि धुराड्याच्या विटांतून पिंपळ उगवला. मग अलीकडे एका बिल्डरने सगळी जागा घेतली. गिरणीच्या जागी उंच इमारती उभ्या राहू लागल्या. गावाने फार ओरड करू नये म्हणून त्याने तळ्याकाठी एक सभागृह बांधून दिलं.

क्लबचा सेक्रेटरी तपन. पन्नाशीचा, उत्साही गडी. त्याने फोन केला. "काकाबाबू, हॉलला मास्टरमोशाईंचं, तुमच्या बाबांचं नाव द्यायचं ठरलंय. पाटी तयार आहे. दोरी तुम्हीच ओढायची."

 फोन ठेवून श्यामकांत बाल्कनीत जाऊन आले. मग पुण्याला विनीताताईला फोन लावला. तिची ऐंशी उलटलेली, कान थोडे मंद. "बाबांचं नाव? कलपुकुरला?" ती दोनदा म्हणाली. मग म्हणाली, "पाटीचा फोटो पाठव हं मला, विसरू नकोस."

जानेवारीचा रविवार होता. त्यांचा मुलगा उन्मेष न्यू टाउनहून गाडी घेऊन आला. आपल्या कंपनीतल्या सगळ्या कामांतून त्याने हा दिवस काढला होता, त्याचंच श्यामकांतांना कौतुक. त्यांनी बंगालीत भाषण लिहून पाठ केलं होतं. गाडीत ते ओठ हलवत बसले होते.

"बाबा, परीक्षा नाहीये," उन्मेष म्हणाला.

"असू दे. यांना एवढं एकच भाषण करायचंय आयुष्यात," सुनंदाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या कोटावरचा दोरा काढून टाकला.

सभागृहाला नव्या रंगाचा वास येत होता. दारावरच्या पाटीवर पिवळं कापड टाकलेलं होतं, दोरी खाली लोंबत होती. समोर मांडव, खुर्च्या, एका बाजूला जेवणाच्या पाकिटांचे ढीग. पुढच्या रांगांत जुने विणकर माकडटोप्या आणि मफलर गुंडाळून बसले होते. काहींनी श्यामकांतांना ओळखलं. "अरे, श्यामू ना तू? डावीकडून खेळायचास आणि गोल कधी मारला नाहीस!" मांडव हसला. श्यामकांतांना इतकं बरं वाटलं की पाठ केलेलं अर्धं भाषण ते तिथेच विसरले.

त्यांनी सरळ हूक काढला. उंच धरला. गोष्ट सांगितली, घरी पाहुण्यांना सांगत तशीच. शेवटी त्यांना एक सुचलं, जे पाठ केलेल्यात नव्हतं. नव्या इमारतींत राहायला आलेली मुलं मागे बसली होती, त्यांना कळावं म्हणून ते म्हणाले, "ज्यांनी ज्यांनी बाबांचा हा हूक वापरला, त्यांनी जरा हात वर करा."

कोणाचाच हात वर आला नाही.

म्हाताऱ्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून त्यांनी माइक जवळ घेऊन पुन्हा विचारलं. पुढच्या रांगेतला हारान, बिनदाताचा, हसरा, उठून उभा राहिला. "हूक कसला, बाबू? आमचं हे असं!" त्याने रिकामा हात तोंडाशी नेला, जणू त्यात धोटा आहे, आणि गाल आत ओढून फुस्स आवाज केला. शेजारच्याने तसंच केलं. मग त्याच्या शेजारच्याने. बघता बघता पुढच्या सगळ्या रांगा, सगळी म्हातारी माणसं, हात तोंडाला लावून हवा ओढत होती आणि एकमेकांकडे बघून पोरांसारखी हसत होती. मागची मुलं मोबाइलवर ते टिपत होती.

श्यामकांतांचा हूक धरलेला हात वरच राहिला. आपण काय बघतोय ते त्यांच्या डोक्यात शिरेना. बाबांनी वाटलेले हूक मग गेले कुठे?

"तो हूक ना?" रांगेतून कोणीतरी सहज म्हणालं. "तो तळ्यापलीकडच्यांचा."

मांडवाच्या अगदी मागे, पाकिटांच्या ढिगापाशी, चार-पाच माणसं उभी होती. खुर्च्या रिकाम्या असताना उभी होती, हे श्यामकांतांच्या तेव्हा कुठे लक्षात आलं. त्यांतल्या एका उंच, वाकलेल्या म्हाताऱ्याने हात वर केला होता. कधीपासून केला होता कोण जाणे.

"दादा, पुढे या ना," श्यामकांत म्हणाले. "तुम्ही वापरलात हा?"

म्हातारा खुर्च्यांच्या मधोमध आला आणि तिथेच थांबला. त्याचं नाव लखींदर. "वापरला म्हणजे काय," तो म्हणाला, "गिरणीला कुलूप लागेपर्यंत वापरला."

"आणि बाकीच्यांना...?"

"बाकीच्यांना कशाला?" लखींदरला प्रश्नच नवल वाटला. "मी सोळाव्या वर्षी साच्यावर लागलो. तेव्हा सगळेच तोंड लावायचे. एका पाळीला मी, दुसऱ्या पाळीला मिश्राजी, धोटा तोच. कोणी कुरकुरलं असेल घरी जाऊन, पण काम चालत होतं. मग माराठी मास्टर आले. त्यांनी एकेकाला विचारलं, तू कोणाचा, जात कोणती, घर कुठल्या बाजूला. महिन्याभरात आमचे साचे शेवटच्या ओळीत गेले. आमच्या धोट्यांवर लाल ठिपका आला, म्हणजे चुकून इकडचे तिकडे मिसळायला नकोत. आणि आमच्या हातात हे आलं."

श्यामकांतांनी हातातल्या मुठीकडे पाहिलं. तो लाल ठिपका त्यांना लहानपणापासून नक्षी वाटत आला होता.

"त्यांनी कारण काय सांगितलं?" त्यांचा आवाज माइकवरही नीट उमटला नाही.

"कारण कोण सांगतं? हूक हातात आला, समजलं." लखींदर थांबला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो ओठ मागे घेऊन हसला. "दात मात्र बघा माझे. सगळे आहेत."

"चैन होती रे तुझी!" बिनदाताचा हारान ओरडला, आणि मांडव पुन्हा हसला. लखींदरही हसला. एकटे श्यामकांत हसले नाहीत.  त्यांनी माइकचा दांडा धरला.

तपन लगबगीने जवळ आला, माइकवर हात ठेवून कुजबुजला, "काकाबाबू, जुन्या गोष्टी आहेत. तेव्हा असंच होतं. दोरी ओढा, पाकिटं गार होतायत."

"तुला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला माहीत आहे." तपन गोंधळला. "तुम्हाला माहीत नव्हतं? तुम्ही तो हूक काढलात तेव्हा मीच चपापलो. म्हटलं, काकाबाबूंनी हा आज कशाला आणला."

श्यामकांत त्याच्याकडे वळले. "आणि तरी नाव द्यायचं ठरवलंत?"

"शाळा त्यांनी काढली ना! गिरणी त्यांच्यामुळे वीस वर्षं जास्त चालली, असं सगळे म्हणतात. दुसऱ्या कोणाचं नाव देणार? बिल्डरचं?"

"पलीकडे विचारलंत?"

"कमिटीने ठरवलं, काकाबाबू."

"कमिटीत पलीकडचं कोण आहे?"

 तपन तळ्याकडे पाहू लागला, जणू तिथून कोणी येणार होतं.

श्यामकांत माइक सोडून खाली उतरले आणि खुर्च्यांमधून लखींदरपर्यंत गेले. एवढ्या माणसांसमोर ते आयुष्यात कधी असे चालले नव्हते. "दादा," ते म्हणाले, "तुम्ही सांगा. ही दोरी ओढू की नको?"

लखींदरच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. पहिल्यांदाच त्याला राग आल्यासारखा दिसला. "मला कशाला विचारता? बाप तुमचा. आज साठ वर्षांनी मी नको म्हणायचं, म्हणजे उद्या गाव मला म्हणणार, बघा, हा अजून मनात धरून बसलाय. आणि मी हो म्हटलं तर तुम्ही निवांत घरी जाणार. नाही, ते तुमचं तुम्ही बघा."

"पण शाळा तर त्यांनीच काढली!" हारान मध्येच म्हणाला. त्याचा सूर आता हसण्याचा नव्हता. "माझी तिन्ही पोरं शिकली तिथे."

"माझीही शिकली," लखींदर म्हणाला. "मागच्या बाकावर." आणि तो वळून आपल्या माणसांकडे गेला.

श्यामकांतांना वर्ग आठवला. चौथीचा, पाचवीचा. मागच्या बाकावरचे चेहरे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि त्यांना एकही चेहरा आठवेना. सगळी मुलं एकत्र खेळायची, हे आठवत होतं. कोण कुठे बसायचं, हे आठवत नव्हतं. आपण त्या गावात सगळं लहानपण काढलं आणि आपल्याला गाव दिसलंच नाही.

सुनंदाबाई उठून आल्या होत्या. "पाणी घेता?" त्यांनी विचारलं. श्यामकांतांनी नको म्हणून मान हलवली आणि ते परत माइकपाशी गेले. ते फार थोडं बोलले, आणि तेही अडखळत. "मी आज दोरी ओढत नाही. मला जे माहीत होतं ते खरं नव्हतं. तुम्ही पलीकडच्या लोकांना बरोबर घेऊन बसा आणि मग काय ते ठरवा. तोवर पाटी झाकलेली राहू द्या. मला माफ करा." शेवटचं वाक्य कोणाला उद्देशून होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मांडवात एकदम गलका झाला. बिल्डरचा माणूस तपनला विचारत होता की आता फोटो कसला काढायचा. कोणीतरी म्हणालं, "मुलानेच बापाचं नाव घालवलं." श्यामकांतांनी ते ऐकलं. त्यांच्या हातात कोणीतरी दोन पाकिटं कोंबली. ते गाडीत बसले तेव्हा पाकिटं मांडीवर तशीच होती.

 डायमंड हार्बर रोडला लागल्यावर गाड्यांची गर्दी सुरू झाली, वर मेट्रोचे खांब एकामागून एक जाऊ लागले.

"बरोबर केलंत बाबा," उन्मेष म्हणाला.

"बरोबर-चूक जाऊ दे रे," सुनंदाबाई म्हणाल्या. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. "मला तो नागपूरचा मुलगा आठवतोय. हेमंत. नवीन लग्न झालेला. आठवतो का हो?"

"हो. त्याचं काय?"

"तुम्ही हूक दाखवलात, आणि तो ताटावरून उठला. भात तसाच टाकून. पोटात दुखतंय म्हणाला. आपण त्याला ओवा दिला." त्यांचा आवाज बारीक झाला. "परत कधी आला नाही. तुम्ही दोनदा बोलावलंत, मी म्हटलं, माणूसघाणा दिसतो."

श्यामकांतांनी डोळे मिटले. हेमंत त्यांच्याच खात्यात होता, चार टेबलं सोडून. बदली होईपर्यंत रोज नमस्कार करायचा, नेमका, गरजेपुरता. त्याने हूक हातात घेऊन पाहिला होता, उलटा करून मुठीवरचा ठिपका पाहिला होता, आणि एक शब्द न बोलता परत दिला होता. त्याला कळलं होतं. मराठी मुलुखातल्या कुठल्या गिरणीत त्याच्या आजोबांना साच्याजवळ उभंही राहू दिलं नसेल, कोण जाणे. आणि आपण त्याला बाबांच्या दयेची गोष्ट सांगत होतो, पुन्हा भात वाढू का विचारत होतो. असे आणखी किती जण जेवून गेले असतील?

बेहाला चौरस्त्याच्या अलीकडे फोन वाजला. विनीताताई. उन्मेषने तो गाडीच्या स्पीकरवर घेतला, कारण तिला ऐकू यायचं नाही.

"अरे, फोटो कुठेय? दुपारपासून वाट बघतेय."

"फोटो नाही ताई. दोरी नाही ओढली." श्यामकांतांनी सांगितलं, जमेल तसं, मोठ्याने, कारण तिला एकेक वाक्य दोनदा सांगावं लागत होतं. शेवटची ओळ, लाल ठिपका, मागचा बाक. गाडीत आपलाच आवाज ऐकताना त्यांना शरम वाटत होती.

 फोन तुटला की काय असं वाटलं.

"ताई?"

"ऐकतेय." मग ती सावकाश म्हणाली, "तुला खरंच माहीत नव्हतं, श्यामू?"

सुनंदाबाईंनी मान वळवली. उन्मेषने गाडीचा वेग कमी केला.

"तुला माहीत होतं?"

"मी मोठी होते. बाबा घरी येऊन सांगायचे आईला. तिकडे सोलापुरात तर या लोकांना विणाईत घेतच नाहीत, मी कोणाला काढलं नाही, म्हणायचे. त्यांना ते मोठं मन वाटायचं. तू लहान होतास. तू आईला विचारलंस, हा हूक कशाला, तर ती म्हणाली, तोंडात धूळ जाऊ नये म्हणून. तेवढं धरून बसलास. नंतर तू ते इतक्या प्रेमाने सांगायचास, की मी म्हटलं, राहू दे."

 सिग्नल हिरवा झाला होता, मागच्या रिक्षा हॉर्न वाजवत होत्या.

"मग आता पाटीवर कोणाचं नाव येणार?" ताईने विचारलं.

"पलीकडच्यांना विचारून ठरवतील."

"आणि त्यांनीही बाबांचंच सांगितलं तर? ओढशील दोरी?"

याचा विचारच श्यामकांतांनी केला नव्हता.  "बाबा, घर आलं," उन्मेष म्हणाला. पण ते उतरले नाहीत, आणि ताईही फोन ठेवत नव्हती.